फुकट वाटलेलें आणि मोकळें सोडलेलें

गतवर्षीं श्रावण लागतांच आमच्या शाळेच्या कचेरींत पुस्तिकांचे दोन गठ्ठे येऊन पडले. एका धर्मादाय संस्थेनें शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या शिक्षणाकरितां त्या मुद्दाम लिहवून घेतल्या होत्या, आणि शाळांच्या द्वारें त्या खेडोपाडीं पोंचाव्या अशी तिची इच्छा होती. विषय होता, पिकावर फवारणी करतांना घ्यावयाची काळजी. मूर्तिजापूरच्या आसमंतांत या विषयाचें महत्त्व कोणास समजावून सांगण्याची गरज नाहीं. २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीवर फवारा मारतां मारतां विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेंकडों लोक इस्पितळांत पडले आणि कित्येकांच्या डोळ्यांस अपाय झाला. त्यांतील पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतांत रोजानें जाणारे होते. पऱ्हाटी तीच, पंप तोच, औषधही तेंच; यवतमाळांत जें घडलें तें येथें घडणारच नाहीं असें कोणीं म्हणावें ?

पुस्तिका चांगली होती, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. औषधाच्या डब्यावर जो त्रिकोण असतो त्याचा अर्थ तींत रंगीत चित्रांनीं दाखविला होता : तांबडा त्रिकोण अत्यंत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानानें सौम्य विषाचा. वाऱ्याकडे पाठ करून फवारावें, उपाशीपोटीं फवारूं नये, नोझल तुंबल्यास तोंडानें फुंकूं नये, दोन औषधें मनास येईल तशीं मिसळूं नयेत, इत्यादि सूचना नीट दिल्या होत्या. परंतु प्रती होत्या अवघ्या दोनशें. आमच्या शाळेंत ज्या खेड्यांतून मुलें येतात त्यांतील एखाद्या मोठ्या गांवासही तितक्या पुरल्या नसत्या. कचेरींतील यंत्रावर आणखी प्रती काढून पाहिल्या, तों चारही त्रिकोण सारखेच काळे उमटले ! ज्या चित्रानें जीव वाचावयाचा, त्यांतील तांबडें व हिरवें एक होऊन बसलें.

भाषेची अडचण त्याहून मोठी. पुस्तिकेंत शब्द होते 'कीटकनाशक', 'संरक्षक परिधान', 'वायुप्रवाहाची दिशा'. आमच्या खेड्यांत या वस्तूस कोणी कीटकनाशक म्हणत नाहीं. तिचें नांव 'औषध'. विषास औषध म्हणण्याची ही संवय किती घातक आहे हें बाहेरच्या लेखकास कसें कळावें ? ड्रमांतील पाण्यांत हात घालून तें औषध ढवळणारी बाई तें औषध आहे अशाच भावनेनें ढवळते. आमच्या एका विद्यार्थ्यानें पुस्तिका घरीं वाचून दाखविली, तेव्हां त्याच्या आईनें विचारलें, "हे कोनासाठी लिवलं बाप्पा ?" तो प्रश्न मुलानें दुसऱ्या दिवशीं वर्गांत आणला, आणि नववीच्या मुलांनीं ती पुस्तिका वऱ्हाडींत उतरविण्याचा घाट घातला. पहिलेंच वाक्य त्यांनीं असें लिहिलें : "आपून ज्याले औषध म्हंतो थे इख हाय." मूळ पुस्तिकेच्या चार पानांत जें साधलें नव्हतें तें या एका वाक्यानें साधलें, असें आमचें मत आहे, आणि आम्ही आमच्या विद्यार्थ्यांची फाजील स्तुति करीत नसतों, हें ते स्वतःच सांगतील.

इतकें झाल्यावर कोणाची तरी दृष्टि मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूस गेली. तेथें बारीक टाइपांत छापलें होतें : सर्व हक्क स्वाधीन.

आम्हीं संस्थेस रीतसर पत्र लिहिलें. उत्तर उशिरां, परंतु अत्यंत सभ्य आलें. मुलांच्या उद्योगाचें कौतुक होतें. पुढें लिहिलें होतें कीं मजकूर एका तज्ज्ञाकडून मोबदला देऊन लिहवून घेतला, छायाचित्रें दुसऱ्याकडून, मांडणी तिसऱ्याकडून; करारपत्रांत हक्कासंबंधीं स्पष्ट असें कांहीं नाहीं; तज्ज्ञ महाशयांचा सध्यां पत्ता लागत नाहीं; तरी भाषांतरास परवानगी देण्याचा अधिकार आपणांस आहे किंवा नाहीं याचा विचार करून कळवूं. तें कळविणें दसऱ्यापर्यंत झालें नाहीं, आणि तोंवर फवारणीचा मुख्य हंगाम उलटून गेला होता. मुलांचें वऱ्हाडी पुस्तक कपाटांतच राहिलें. त्या संस्थेचें नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण तिचा हेतु निर्मळ होता आणि तिच्यासारख्या आणखी कितीतरी संस्था असतील. प्रश्न एका संस्थेचा नसून पद्धतीचा आहे.

'ही पुस्तिका फुकट वाटावयाची आहे' असें म्हटलें म्हणजे ती लोकांची झाली, असा एक समज सर्वत्र आढळतो. फुकट आणि मोकळें यांतला भेद त्यामुळें कोणाच्या ध्यानींच येत नाहीं. फुकट मिळालेली वस्तु घेतां येते. मोकळ्या वस्तूची नक्कल करतां येते, ती आपल्या बोलींत आणतां येते, तींत चूक असल्यास सुधारतां येते, आणि सुधारलेली शेजाऱ्यास देतां येते. शिक्षणाच्या साहित्यास ही दुसरी मोकळीक नसेल, तर पहिली असून उपयोग थोडा.

'पैसा ज्याचा, पुस्तक त्याचें' अशी आपली साधी समजूत असते. कायदा तसें म्हणत नाहीं. आपल्या देशांत या बाबतींत १९५७ चा कॉपीराइटचा कायदा चालतो. कोणी नोकर नोकरींतील काम म्हणून लिहील, तर त्या लिखाणाचा मालक त्याचा धनी होतो हें खरें. परंतु बाहेरच्या लेखकास मोबदला देऊन लिहवून घेतलें, आणि त्यानें लेखी सही करून हक्क सोपविला नाहीं, तर स्वामित्व लेखकाकडेच राहतें. छायाचित्रांचा व चित्रपटांचा न्याय याच्या उलट आहे : तीं मोबदला देऊन जो करवितो तोच, वेगळा करार नसल्यास, त्यांचा पहिला मालक. म्हणजे एकाच सोळा पानी पुस्तिकेंत शब्दांचा मालक एक आणि छायाचित्रांचा दुसरा, आणि दोघांसही त्याची वार्ता नाहीं, असा प्रकार सहज घडतो. लेखी सोपवणूक झाली असली, तरी तींत मुदत लिहिली नसेल तर ती पांचच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हिंदुस्थानापुरती. बरें, हा हक्क टिकतो किती काळ ? लेखकाच्या हयातीपर्यंत व त्यापुढें ६० वर्षें. आज तीस वर्षांचा असलेला लेखक ऐंशी वर्षें जगला, तर त्यानें आज लिहिलेली फवारणीची पुस्तिका ११० वर्षांनीं मोकळी होईल. तोंवर तें औषध बाजारांत राहणार नाहीं, आणि बहुधा ती बोंडअळीही निराळें रूप घेऊन आली असेल.

यावर एखादा वकील म्हणेल कीं शाळेस या कायद्यानें सूट दिली आहे. दिली आहे खरी. शिक्षणाच्या ओघांत शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें केलेली नक्कल गुन्हा होत नाहीं. २०१६ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें विद्यापीठांतील छायाप्रतींच्या खटल्यांत या सवलतीचा उदार अर्थ लावला, याचा सर्व शिक्षकांस आनंदच झाला. परंतु ती सवलत अध्यापनापुरती आहे. मुलांनीं केलेलें भाषांतर छापून शेताच्या बांधावर वाटावयाचें म्हटलें, म्हणजे तिचा आधार धरवत नाहीं. आणि आमचें कार्य तर बांधावरच होतें.

मालक एक आणि वापरणारा दुसरा, या स्थितीची मूर्तिजापूरकरांस तरी नवलाई नसावी. आमच्या स्टेशनांतून एका अंगास अचलपूर व दुसऱ्या अंगास यवतमाळ अशी शकुंतला धांवत असे. सर्व देशांतील आगगाड्या सरकारच्या झाल्या तरी या अरुंद रुळांची मालकी किलिक निक्सनच्या कंपनीकडेच राहिली, आणि सरकार करारानें त्यांवर गाडी चालवीत असे. रूळ आमच्या काळ्या मातींत, कापूस आमचा, उतारू आमचे; परंतु कागद दुसऱ्याच्या तिजोरींत. असो. गाडीची गोष्ट निघाली कीं मूर्तिजापूरचा मनुष्य विषय सोडून वाहवत जातो.

वस्तुतः उपाय अवघड नाहीं आणि नवाही नाहीं. अमेरिकेंत २००१ सालीं क्रिएटिव्ह कॉमन्स नांवाची एक संस्था निघाली. तिनें तयार परवान्यांचे नमुने करून ठेवले आहेत व ते आतां जगभर चालतात. लेखक आपला हक्क टाकून देत नाहीं. तो राखूनच सर्वांस आगाऊ परवानगी देऊन ठेवतो. अटी निवडण्याची त्यास मुभा असते. मूळ कर्त्याचें नांव द्यावें, ही एक अट. फेरफार करणाऱ्यानें आपली आवृत्तिही तशाच मोकळिकीनें द्यावी, ही दुसरी. व्यापार करूं नये, ही तिसरी. आणि फेरफारच करूं नये, ही चौथी. यांतील चौथी अट शिक्षणाच्या साहित्यास लावणें म्हणजे पाणपोई घालून रांजणावर झांकण खिळ्यांनीं ठोकण्यासारखें आहे. तिसरीविषयीं मतभेदास जागा आहे. आम्हांस ती गैरसोयीची वाटते. बाजारांतील छापखानेवाल्यानें मुलांची पुस्तिका छापून कागदाची किंमत व वर आपली मजुरी घेतली, तर तो व्यापार झाला कीं नाहीं, याचा वाद घालीत बसण्यास हंगामांत कोणास सवड असते ? पहिल्या दोन अटी पुरेशा आहेत.

ज्यांनीं हें केलें आहे त्यांच्याकडे पाहावें. मेक्सिकोच्या डोंगराळ भागांतील खेडुतांकरितां डेव्हिड वर्नर यांनीं वैद्यकाचें एक पुस्तक लिहिलें. डॉक्टर नसेल तेथें काय करावें, हा त्याचा विषय. १९७३ सालीं तें स्पॅनिश भाषेंत निघालें व १९७७ त इंग्रजींत आलें. त्यांत आरंभींच अशी मुभा दिली होती कीं यांतील मजकूर व चित्रें वाटेल त्यानें घ्यावीं, आपल्या मुलखास जुळतील असे फेरफार करावे, मात्र तें फुकट किंवा खर्चाच्या किमतींत द्यावें, नफा घेऊं नये. त्या मोकळिकीच्या बळावर तें पुस्तक डझनावारी भाषांत गेलें. क्रिएटिव्ह कॉमन्सचा जन्म होण्याच्या पांव शतक आधींची ही गोष्ट आहे. आपल्याकडे पाहावें तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें टाटा ट्रस्टांच्या देणगीवर माध्यमिक शाळांसाठीं गणित, विज्ञान व इंग्रजी या विषयांचें संगणकीय साहित्य तयार केलें आणि तें खुल्या परवान्यानें दिलें. तें राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण व मिझोराम या प्रांतांतील शाळांकरितां केलेलें होतें; आपल्या प्रांताचें त्यांत नांव नाहीं. तरी मूर्तिजापूरचा शिक्षक तें आज उचलून मराठींत आणील तर त्यास कोणास पत्र लिहावें लागणार नाहीं. हाच तो फरक. 'प्रथम'चा जन्म १९९५ सालीं मुंबईचा. तिच्यांतून निघालेल्या प्रथम बुक्सनें २०१५ च्या ८ सप्टेंबरला 'स्टोरीवीव्हर' सुरू करून मुलांच्या सचित्र गोष्टी केवळ नामनिर्देशाच्या अटीवर मोकळ्या सोडल्या. मेळघाटांतील एखाद्या गुरुजीस त्यांतील गोष्ट कोरकूंत सांगावयाची व छापावयाची असेल, तर त्याची वाट मोकळी आहे. गोव्यांत विद्यापीठानें आपला कोंकणी विश्वकोश, खंड छापून झाल्यावर कित्येक वर्षांनीं, २०१३ सालीं अशाच परवान्यानें खुला केला. मागाहूनही हें करतां येतें, हें त्यावरून दिसतें. परंतु आधीं करणें किती सोपें!

महात्मा गांधींचें उदाहरण या बाबतींत मोठें विचार करण्यासारखें आहे. १९१० सालीं त्यांच्या 'हिंद स्वराज्या'ची इंग्रजी आवृत्ति निघाली, तिच्यावर कोणताही हक्क राखून ठेवलेला नाहीं असें छापलें होतें. पुढें मात्र त्यांनींच आपल्या लेखनाचा हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपविला. तो २००८ च्या अखेरीस संपला, आणि ट्रस्टनें त्याला मुदतवाढ मागितली नाहीं. म्हणजे मोकळें सोडण्याचा व जपून ठेवण्याचा, असे दोन्ही विचार त्या एकाच पुरुषाच्या मनांत येऊन गेले होते. जे लोक आमच्या म्हणण्यास भाबडेपणा म्हणतील त्यांनीं, आणि जे त्यास एकदम मान्यता देतील त्यांनींही, हें लक्षांत ठेवावें.

कारण एक आक्षेप खराच कठीण आहे. औषधाची मात्रा पंपामागें अमुक इतकी, असें मूळ पुस्तिकेंत असतां कोणी नक्कल करणारा एक शून्य वाढवील, तर मनुष्य मरेल; आणि पुस्तिकेवर नांव असेल मूळ संस्थेचें. हा धोका आम्ही नाकारीत नाहीं. आमच्याच मुलांच्या पहिल्या खर्ड्यांत मिलिलिटरच्या ठिकाणीं लिटर पडलें होतें ! परंतु कुलूप लावल्यानें हा धोका जातो काय ? मोबाइलवर फिरणारे निनांवी संदेश कोणाची परवानगी घेऊन फिरत नाहींत. परवानगी मागतो तो केवळ भला मनुष्य, आणि अडतोही तोच. खुल्या परवान्यांत निदान मूळ कर्त्याचें नांव द्यावें लागतें व फेरफार केला असल्यास तसें सांगावें लागतें. संस्थेनें प्रत्येक आवृत्तीवर महिना व वर्ष छापावें, मूळ प्रत कोठें पाहावयास मिळेल तें लिहावें, आणि मात्रांचें कोष्टक वेगळ्या पानावर देऊन त्यांतील आंकडे बदलूं नयेत अशी विनंति ठळक टाइपांत करावी. याउपर धोका उरेल तितका आम्ही पत्करूं. न समजलेल्या भाषेचा धोका त्याहून थोर आहे.

दुसरा आक्षेप लेखकाच्या पोटाचा. तोही टाळण्यासारखा नाहीं, कारण 'धर्मकार्य आहे' असें म्हणून लेखकास व चित्रकारास अर्ध्या मोबदल्यावर राबविण्याची खोड कांहीं संस्थांना असते. आमचें मागणें त्यांस सोयीचें वाटूं नये. पुस्तकाच्या विक्रीवर ज्यानें जगावयाचें त्या कादंबरीकाराविषयीं आम्ही बोलत नाहीं. ज्याच्या प्रती मुळांतच फुकट वाटावयाच्या आहेत त्या पुस्तिकेचा लेखक प्रतींच्या विक्रीवर जगत नसतो. तो जगतो तिच्या मोबदल्यावर. तो मोबदला पुरता द्यावा, नांव पहिल्या पानावर छापावें, आणि काम देतांनाच त्यास सांगावें कीं हें लेखन मोकळें सोडावयाचें आहे. ज्यास तें मान्य नसेल त्यानें काम घेऊं नये. काम पुरें झाल्यावर, पैसा खर्च झाल्यावर, तज्ज्ञ दुसऱ्या गांवीं गेल्यावर ही गोष्ट काढणें दोघांसही अवघड होतें, हें आम्हीं गतवर्षीं अनुभवलेंच.

या विचारास आमच्या गांवांत जुना आधार आहे. श्रीगाडगे महाराजांचें बालपण या तालुक्यांतील दापुऱ्यास, मामांच्या घरीं, पूर्णेच्या कांठीं गेलें. त्यांनीं लोकांपुढें हात पसरून पैसा जमविला, ठिकठिकाणीं धर्मशाळा बांधविल्या. मूर्तिजापुरांतील धर्मशाळा व गोरक्षण त्यांतलेंच. त्या वास्तूंवर त्यांनीं स्वतःचा वा कुटुंबाचा हक्क ठेवला नाहीं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनीं १९४९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हे निरक्षर संत कागदाच्या बाबतींत मात्र किती सावध होते ! लोकांच्या पैशाची वस्तु लोकांचीच राहावी, ही व्यवस्था लेखी झाली पाहिजे, ती केवळ मनांत असून भागत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. १९५२ सालीं गाडगे महाराज मिशनची रीतसर स्थापना झाली ती त्यासाठींच असें आम्ही समजतों. ज्या संस्था लोकांच्या देणगींतून पुस्तिका, तक्ते व चित्रफिती करवितात, त्यांनीं आपल्या करारपत्रांत याच अर्थाचा एक परिच्छेद घालावा : मोबदला किती, हक्क कोणाचा, तो कोणत्या परवान्यानें सर्वांस खुला, मुदत पूर्ण काळाची आणि प्रदेश सर्व जगाचा, छायाचित्रें व रेखाचित्रें यांसही तोच नियम. देणगी देणाऱ्यांनींही पावती मागतांना हा परिच्छेद पाहावयास मागावा. इमारतीचा हिशेब विचारणारे देणगीदार आम्हीं पुष्कळ पाहिले. पुस्तकाच्या मालकीचा विचारणारा एकही पाहिला नाहीं.

आतां आमच्या मुलांच्या पुस्तिकेविषयीं. पुष्कळ वाट पाहिल्यावर त्यांनीं त्या भाषांतराचा नाद सोडला. वाऱ्याकडे पाठ करावी या गोष्टीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. तो असतो सांगण्याच्या रीतीवर, हें त्यांस समजावून दिलें. तेव्हां डब्यांवरील चिठ्ठ्या स्वतः वाचून, गांवांतील फवारणी करणाऱ्यांस प्रश्न विचारून, त्यांनीं अगदीं नवी आठ पानी पुस्तिका लिहिली, चित्रें स्वतः काढलीं, आणि कृषि खात्यांतील जाणत्या गृहस्थांकडून मात्रांचें कोष्टक दोनदां तपासून घेतलें. पहिलें वाक्य तेंच ठेवलें आहे. तें त्यांचेंच होतें. त्रिकोणांच्या आंत आतां 'तां', 'पि', 'नि' आणि 'हि' अशीं अक्षरें घातलीं आहेत, म्हणजे काळ्या छपाईंतही रंग ओळखूं यावा. शेवटच्या पानावर लिहिलें आहे कीं ही पुस्तिका कोणींही छापावी, बदलावी, विकावी. आमच्या शाळेचें नांव घालावें, काय बदललें तें सांगावें, आणि आपलीही प्रत अशीच मोकळी ठेवावी. प्रती कचेरींत दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. नेणाऱ्यानें वहींत सही करण्याचें कारण नाहीं.